शास्त्रज्ञ शाळेत: व्याख्यानापासून तळ्यापर्यंत

फेब्रुवारी उजाडला की ठाण्यातल्या शाळा पाहुणे शास्त्रज्ञ शोधू लागतात. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला. १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. पण तासाभराच्या भाषणाने वर्गातले शिकवणे बदलत नाही, हे त्याआधीच दिसले होते.

मराठी विज्ञान परिषद १९६६ची. मातृभाषेतून विज्ञान लोकांपर्यंत नेणे हे तिचे काम. १९७२ साली मध्य प्रदेशात, मुलांनी शाळेत स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा होशंगाबादचा उपक्रम सुरू झाला आणि शास्त्रज्ञांची भूमिकाच बदलली. संशोधन संस्था आणि विद्यापीठांतली मंडळी गावातल्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग घडवू लागली. तीस वर्षांनी, २००२ साली, तो बंद झाला, ही मोठी हानी. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. आज ते मुंबईत, मानखुर्दला आहे. १९९३च्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेपासून मुले स्वतःच्या परिसरातले प्रश्न मोजू लागली.

ठाण्यात त्यासाठी तलाव आहेतच. पाण्याचा गढूळपणा मोजायला १८६५ पासून वापरात असलेली सेकी तबकडी शाळेतही बनते: व्यास २० सेंमी, चार भाग आलटूनपालटून काळे-पांढरे, खाली वजन, दोरीला दर १० सेंमीवर खूण. तबकडी सोडताना दिसेनाशी होते ती खोली आणि ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी घ्यायची. वेळ सकाळी १० ते दुपारी ३, धक्क्याच्या सावलीच्या बाजूने, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

चुका ठरलेल्या असतात. सुती दोरी भिजली की आखडते, म्हणून दोरी भिजवून, ताणूनच खुणा कराव्यात. काठाशी तबकडी तळाला टेकते आणि मुले तीच खोली लिहून मोकळी होतात. असे वाचन बाद. दोघांनी एकमेकांना न सांगता वाचन घ्यावे, तफावत वहीत तशीच ठेवावी. ती खोडायला लावणारा शिक्षक मुलांना मोजमापाचा गाभाच शिकू देत नाही.

शास्त्रज्ञाची खरी गरज इथे लागते. गढूळपणा मातीचा की शेवाळाचा, हे तबकडी सांगत नाही. तेच पाणी पांढऱ्या गाळणकागदातून गाळून डाग तपकिरी येतो की हिरवा, हे पाहायला त्याने शिक्षकांना शिकवावे आणि दर महिन्याच्या नोंदी त्यांच्याबरोबर बसून तपासाव्यात.