स्पीकर जोडण्याआधी ओहम बघा

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, स्पीकरच्या टर्मिनलजवळ, बारीक अक्षरांत काहीसं असं छापलेलं असतं: ‘ए किंवा बी: ४ ते १६ ओहम; ए + बी: ८ ते १६ ओहम’. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप, आणि ए, बी म्हणजे स्पीकरच्या दोन जोड्या. छापलेल्यातला लहान आकडा महत्त्वाचा. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला त्याहून जास्त ओहमचा स्पीकर चालतो, फक्त पॉवर कमी मिळते. कमी ओहमचा जोडला तर अ‍ॅम्प जळू शकतो.

कारण असं, की एका व्हॉल्यूमला अ‍ॅम्प ठरावीक व्होल्टेज देतो आणि करंट किती ओढायचा ते स्पीकरवर असतं. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, म्हणजे ५० वॅट. ४ ओहमचा ५ अँपिअर ओढतो आणि २ ओहम झाले की १० अँपिअर. आधी हीट सिंकवर हात ठेववत नाही. मग आवाज वाढवला की प्रोटेक्शनचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) ‘टक्’ करून स्पीकर तोडतो. असं झालं तर व्हॉल्यूम कमी करून पुन्हा चालू करत बसू नका, आधी जोडणी तपासा. प्रोटेक्शन नसलेल्या असेंबल्ड अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, सप्लायचं डीसी (एकाच दिशेचा करंट) सरळ स्पीकरच्या आतल्या तारेच्या कॉईलवर येतं आणि अ‍ॅम्पबरोबर स्पीकरही जातो.

सगळ्यात जास्त नुकसान जादा स्पीकर जोडताना होतं. गणपतीत हॉलमधल्या जोडीला गॅलरीसाठी आणखी दोन स्पीकर त्याच टर्मिनलमध्ये खोचले जातात. ही पॅरलल जोडणी झाली. ८ ओहमचे दोन मिळून ४ होतात, ८ आणि ४ मिळून जेमतेम २.७, आणि ४ चे दोन मिळून २. कारचे स्पीकर बहुधा ४ ओहमचेच असतात, ते खोक्यात बसवून घरी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘ए + बी’ बटणही बहुतेक अ‍ॅम्पमध्ये दोन्ही जोड्या पॅरललच करतं.

४ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलवर (डाव्या किंवा उजव्या बाजूला) हवे असतील तर सिरीज करा. अ‍ॅम्पच्या लाल टर्मिनलची वायर पहिल्या स्पीकरच्या प्लसला, त्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, आणि दुसऱ्याचा मायनस अ‍ॅम्पच्या काळ्या टर्मिनलला. एकूण ८ ओहम. दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत. वेगवेगळे घेतले तर व्होल्टेज सारखं वाटलं जात नाही आणि बेस बिघडतो. खरं तर चांगल्या आवाजासाठी दुसऱ्या खोलीला वेगळा छोटा अ‍ॅम्प घेणं आम्हाला जास्त योग्य वाटतं.

स्पीकरवरचं लेबल निघून गेलं असेल तर त्याच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा आणि मल्टिमीटर २०० ओहमवर लावा. प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. ६ ते ७ आलं तर स्पीकर ८ ओहमचा, ३ ते ३.५ आलं तर ४ ओहमचा. ‘८ लिहिलंय पण ६.३ दाखवतोय’ म्हणून स्पीकर खराब समजू नका. मीटर कॉईलच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. लेबलवरचा आकडा इम्पीडन्सचा असतो, म्हणजे गाणं चालू असतानाच्या अडथळ्याचा, आणि तो सुरागणिक बदलतो.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. अंतर १० मीटर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तार होते. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.२३ ओहम भरतो. ८ ओहमला तो चालतो, ४ ओहमला अडीचची वायर घ्या. टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरं दिसलं तर ती मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे.

जोडताना अ‍ॅम्पचा प्लग काढा. वायर टर्मिनलच्या खोलीएवढी, साधारण १० मिलिमीटर सोला आणि पीळ घट्ट द्या. केसाएवढी एक तार जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट होतो. दोन चॅनलचे मायनस एकत्र करू नका, कारण आजकालच्या बऱ्याच छोट्या डिजिटल बोर्डांत मायनसलाही व्होल्टेज असतं.

व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या) अ‍ॅम्पला मात्र वरचा ‘जास्त ओहम चालतो’ हा नियम लावू नका. त्याला ८ च्या टर्मिनलवर ८ चाच स्पीकर लावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.