साडेसात वाजताचं डोकं आणि कळण्याची भाकरी

हेल्दी खायचं मोटिव्हेशन कुठून आणायचं असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकते, तुमच्याकडे रात्रीला काय करायचं ते कितीला ठरतं? घरात कमावणारं, पोरं सांभाळणारं आणि रांधणारं एकच माणूस असेल तर उत्तर बहुतेक एकच येतं. ठरत बिरत काही नाही हो, साडेसातला घरात शिरायचं, फ्रिज उघडून उभं राहायचं, मागून पोराचा होमवर्क, हातातल्या मोबाइलवर ऑफिसचा ग्रुप वाजतोय, आणि मनात "आज काय रांधू व माय". मग चौकातून शेवभाजीचं पार्सल येतं नाहीतर नूडल्सचं पाकीट फुटतं, आणि झोपताना वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला तसं वाटत नाही. काय खावं हे या बायकांना आणि बाप्यांना पाठ असतं, इच्छाही असते, पण सगळा निर्णय दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेवर येऊन पडतो. यावर संशोधन बरंच झालंय, तेच जरा उलगडून बघू.

आधी एक गाजलेली आणि आता डळमळीत झालेली गोष्ट. १९९८ साली अमेरिकेत रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पोरांना उपाशीपोटी बोलावलं, खोलीत ताज्या चॉकलेट बिस्किटांचा घमघमाट, समोर बिस्किटं आणि कच्चे मुळे. काहींना सांगितलं तुम्ही फक्त मुळे खायचे. नंतर सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं तर मुळेवाल्यांनी साधारण ८ मिनिटांत हात टेकले, बिस्किटवाले १९ मिनिटं भिडलेले. यावरून सगळीकडे पसरलं की इच्छाशक्ती वापरली की संपते, टाकी रिकामी होते. पण २०१६ मध्ये २३ लॅबनी मिळून, २००० हून जास्त लोक घेऊन याच कल्पनेची परत तपासणी केली आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तरी अजून मोटिव्हेशनच्या भाषणात ती टाकी येतेच. माझ्या मते ती सोडून द्यावी, कारण तिच्यामुळे माणूस स्वतःलाच दोष देत बसतो की माझी टाकीच लहान.

त्यापेक्षा विचार करण्यासारखी गोष्ट तामिळनाडूतली आहे. तिथल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना संशोधकांनी एकाच प्रकारची कोडी दोनदा सोडवायला दिली, एकदा ऊस निघण्याआधी हात तंग असताना आणि एकदा ऊस निघून पैसे आल्यावर. माणसं तीच, पण तंगीच्या काळात त्यांना कोडी नीट जमेनात, पैसे आल्यावर जमली. हा अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये आला. चिंता डोक्यातली जागा खाते असं त्याचं सार. आपल्याकडे कापूस विकून पैसा हातात येईपर्यंत घरात काय वातावरण असतं ते कुणाला सांगायला नको, आणि एकट्या आईच्या घरात तर दर महिन्याची पंचवीस तारीख तशीच असते, शाळेची फी, घरभाडं, गॅस, आणि हे सगळं बोलायला समोर दुसरं मोठं माणूस नाही. अशा डोक्याला संध्याकाळी "संतुलित आहार" ठरवायला सांगणं म्हणजे जास्तीच झालं.

त्यात झोप. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या टीमने १२ तरुण, धडधाकट पुरुषांना दोन रात्री फक्त ४ तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी १० तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी खाली आलं, भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन २८ टक्क्यांनी वर गेलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ खाण्याची. १२ पुरुष म्हणजे फार छोटा अभ्यास आहे आणि त्यात एकही बाई नाही हेही लक्षात ठेवा, पण रात्री तापलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या आईला दुसऱ्या दिवशी चारला टोस्ट आणि फरसाणच का दिसतं, याचा थोडा तरी उलगडा होतो.

मग करायचं काय? अॅमस्टरडॅममध्ये १९९८ च्या एका अभ्यासात ऑफिसातल्या लोकांना पुढच्या आठवड्यासाठी खाऊ निवडायला लावला, तेव्हा बऱ्याच जणांनी फळं लिहून दिली. तो दिवस आला, परत विचारलं, तर त्यातले खूप जण पलटले, चॉकलेट आणि चिप्सवर आले. आणखी एक, दुपारी जेवून तृप्त असताना निवडणारे शहाणे निघाले आणि संध्याकाळी भुकेल्यापोटी निवडणारे नाहीत. म्हणजे आपल्या आत दोन माणसं नाहीत, एकच माणूस आहे, फक्त ते रविवारी दुपारी जेवण झाल्यावर शहाणं असतं आणि मंगळवारी साडेसातला नसतं. म्हणून ठरवायचं काम रविवारवाल्याकडे द्यायचं. आठवडे बाजारातून आल्यावर, पोटात अन्न असताना, सोम ते शनि रात्रीला काय ते एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायचं. नवीन रेसिपी नकोत, तेच सहा पदार्थ महिनाभर फिरले तरी काही बिघडत नाही. रोज नवीन काहीतरी हवं हा रील्सचा हट्ट आहे, शरीराचा नाही.

आणि ते सहा पदार्थ शोधायला फार लांब जायला नको. ओट्स, किन्वा, अव्होकाडो वगैरे बघून इथल्या बायका घाबरतात की हेल्दी म्हणजे महाग, पण कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ टाकून, कुणी मेथीदाणेही टाकतं, गिरणीवरून दळून आणलेलं पीठ. आता यात विज्ञान काय, तर ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं आणि उडदात ते भरपूर असतं, उडदात मेथिओनिन कमी तर ते धान्याकडून मिळतं, म्हणजे दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीत १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रथिनं, उडदात त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण कळण्याच्या भाकरीवर माणूस शेतात दुपारपर्यंत टिकतो हे बरोबर माहीत होतं. त्यासोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत (पऱ्हाट्यांवरचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवरचं नसू द्या, गॅसवरचं चालतं), कांद्याची पात, दाणे, झालं की जेवण.

फक्त भाकरी थापायला संध्याकाळी जीवावर येतं हे मलाही मान्य आहे. म्हणून ती सकाळच्या डब्याबरोबरच दोन जास्तीच्या टाकायची, ज्वारीची भाकरी रात्रीपर्यंत छान राहते, आणि रात्री दही नाहीतर दाण्याच्या ठेच्याबरोबर कुस्करून पोरंही खातात.

दुसरी आपली खिचडी, जी अर्ध्या खान्देशात रात्रीला होतेच, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि बाजूला पापड. तिच्यात एवढंच बदलायचं की तुरीच्या डाळीचा हात जरा सैल सोडायचा, दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ, मूठभर दाणे, आणि त्याच कुकरात गिलके, मेथी, गाजर, जे असेल ते. वरून लिंबू पिळायचं. लिंबाचं कारण चव एवढंच नाही, डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की ते जास्त शोषलं जातं. उलट जेवणाला लागून चहा घेतला तर त्यातले टॅनिनसारखे घटक लोह अडवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघालाय, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि आपण थकव्याला आळस म्हणत बसतो. ज्या बाईला जिना चढताना धाप लागते तिला मोटिव्हेशनचा व्हिडिओ पाठवू नका, आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवा.

आता सोडायचं काय हा प्रश्न येतोच. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी जर-तर पद्धतीच्या योजनांवर काम केलंय. "मी हेल्दी खाईन" असं म्हणून काही होत नाही, पण "घरात शिरून चपला काढल्या की आधी कुकर लावीन" असं वेळेला आणि जागेला बांधून ठरवलं तर ते होण्याची शक्यता बरीच वाढते. खाण्यावरच्या अशा अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली, ही युक्ती चांगलं काही वाढवायला जास्त चालते, वाईट काही बंद करायला कमी. म्हणून शेवभाजी बंद अशी शपथ घेऊ नका, मोडणारच. शेवभाजी आली तर बाजूला दोन काकड्या चिरायच्याच आणि मैद्याच्या रोटीऐवजी घरची भाकरी, एवढं ठरवा.

पाकिटांच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या टीमने २० लोकांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं रांधलेलं अन्न दिलं, दोन्हीत साखर, मीठ, चरबी, फायबर सारखंच समोर ठेवलं, हवं तेवढं खा म्हटलं. पाकीटवाल्या आठवड्यांत लोक रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि वजन जवळपास १ किलोने वाढलं. त्यांची इच्छाशक्ती दोन आठवड्यांत बदलली नव्हती, ताट बदललं होतं. म्हणून पाकीट घरात आणूच नये हे सगळ्यात सोपं, आणि आणलंच तर वरच्या फळीवर, मागे. केळी मात्र पोराच्या हाताला लागतील अशी टेबलावर. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात राहून शाळेतून आल्यावर क्रीमची बिस्किटं खायची म्हणजे कमालच आहे. अंतराचा परिणाम खरंच होतो, २०११ च्या एका अभ्यासात सॅलड बारवरचा पदार्थ हातापासून साधारण २५ सेंटिमीटर लांब सरकवला तर तो ८ ते १६ टक्के कमी खाल्ला गेला.

पोरं भाजी खात नाहीत म्हणून आपणही सोडून देतो, हे एकट्या पालकाच्या घरात फार होतं, कारण दोन ताटांसाठी दोन भाज्या कोण करणार. लंडनमध्ये जेन वॉर्डल यांच्या टीमने २००३ मध्ये दोन ते सहा वर्षांच्या पोरांच्या आईबापांना सांगितलं की पोराला न आवडणारी एक भाजी १४ दिवस रोज फक्त चाखायला द्या, जबरदस्ती नाही, लाच नाही. ती पोरं नंतर ती भाजी जास्त खाऊ लागली आणि त्यांना ती आवडूही लागली. म्हणजे दोन वेळा तोंड वाकडं केलं म्हणून मेथी बाद करायची नसते, बोटभर वाढत राहायचं. आणि पोराच्या ताटातलं उरलेलं उभ्या उभ्या ओट्याशी संपवणं, यालाच खूप आया जेवण म्हणतात. वाया जाऊ नये हे ठीक, पण स्वतःचं ताट घेऊन पोरासमोर बसा, आई काय खाते ते बघूनच ते शिकतं.

आठवड्याचं एकदम शिजवून ठेवा असा सल्ला नेटवर सगळीकडे दिसतो, तो भुसावळच्या मे महिन्यात जसाच्या तसा चालवू नका. पारा ४५ ला टेकतो आणि लाइट कधी जाईल भरवसा नाही. भाकरीसारखं कोरडं सोडून बाकी शिजवलेलं अन्न, भात, डाळ, भाजी, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ३२ अंशांच्या वर गरमी असेल तर एका तासातच फ्रिजमध्ये, असा साधारण नियम आहे. भाताचं तर जास्तच जपा, बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष परत गरम करूनही जात नाही. म्हणून उन्हाळ्यात शिजवून साठवण्यापेक्षा तयारी साठवा, लसूण सोललेला, दाण्याचा कूट केलेला, मटकीला मोड आलेले (आपल्याकडे मे महिन्यात एका रात्रीत येतात), डाळ-तांदूळ मोजून एका डब्यात.

किती दिवसांत सवय लागेल? २१ दिवसांत लागते असं सगळे सांगतात, ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बघितलं तर मधला आकडा ६६ दिवस आला, कुणाला १८ लागले, कुणाचा अंदाज थेट २५४ वर गेला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात पार्सल आलं तर सगळं मुसळ केरात गेलं असं काही नसतं, दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा कागद बघायचा आणि पुढे चालू लागायचं.

एकट्या बापांचा वेगळा प्रश्न असतो, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना भाकरी थापताच येत नाही आणि सांगायची लाज वाटते. अहो भाऊ, नका थापू. जळगाव-धुळ्याला भाकरी करून देणाऱ्या ताया, बचत गट गल्लोगल्ली मिळतात, महिन्याचं सांगून ठेवा, भाकरी विकत घेतली म्हणून ती कमी पौष्टिक होत नाही. तुम्ही फक्त कुकर शिका आणि अंडी उकडा, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पोरगं स्वतः सोलून खातं.