लिमरिकच्या गल्लीत न दिसलेली मुलं

अ‍ॅलन पार्कर यांचा ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ १९९९च्या डिसेंबरात आला. फ्रँक मॅकोर्ट यांच्या त्याच नावाच्या, पुलित्झर पुरस्कार मिळवलेल्या आत्मकथेवरचा हा चित्रपट. आज तो बघणारा विचारतो, पडद्यावर कोण कोण आहे? सगळे गोरे, जवळजवळ सगळे कॅथलिक. म्हणजे विविधता शून्य? भेदाला कातडीचा रंग लागतोच असं नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

मॅकोर्ट यांचा जन्म १९३०चा, ब्रुकलिनमधला. आयरिश माणूस पोटासाठी अमेरिकेला जायचा, हे कुटुंब मात्र मंदीत उलटं आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात आलं. आई तिथलीच, वडील उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमचे. दारू तर होतीच, पण उत्तरेकडची बोली ऐकूनही लोक वडिलांना कामावर घ्यायला कचरत. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी भरलं की बिऱ्हाड माडीवर जाई. तिथे कोरडं आणि ऊबदार, म्हणून माडीचं नाव ‘इटली’. दाराशीच साऱ्या गल्लीचा एकमेव संडास. मदत मागितली की सेंट व्हिन्सेंट डी पॉल या धर्मादाय संस्थेची माणसं घर बघायला येत. लहानगा फ्रँक चर्चमध्ये पूजेच्या वेळी पाद्र्यांच्या हाताखाली सेवा करायला वडिलांचं बोट धरून जातो आणि दार तोंडावर बंद होतं. धर्म तोच, भाषा तीच, पण पोर गल्लीतलं. मला हा प्रसंग साऱ्या चित्रपटाचं मर्म वाटतो.

ही गरिबी आधी पडद्यावर फारशी का आली नाही, याचं कारण १९२२ साली स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या स्वप्नात आहे. त्या स्वप्नातला गरीब खेड्यातला होता. समुद्राशी झुंजणारा, कष्टाळू, देवभोळा. शहरातली ओली गल्ली त्यात बसत नव्हती. १९२३पासून चित्रपटांवर सेन्सॉर होता. १९३७च्या राज्यघटनेनं कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं. ते कलम निघायला १९७२चं सार्वमत लागलं. तोवर दान देणाराच गरिबाची लायकी ठरवत होता, त्यामुळे गरिबानं तोंड उघडणं अवघडच होतं.

मॅकोर्ट यांनी तोंड उघडल्यावर लिमरिक दुखावलं. आमचं शहर काळं रंगवलं, स्वतःच्या आईची बदनामी केली, असं अनेकांनी म्हटलं. तिथेच जन्मलेले अभिनेते रिचर्ड हॅरिस यांनी जाहीर टीका केली. चित्रपटातले मुख्य नटही बाहेरचे: आईच्या भूमिकेत इंग्लंडची एमिली वॉटसन, वडिलांच्या भूमिकेत स्कॉटलंडचा रॉबर्ट कार्लाईल. आणि जुन्या गल्ल्या पाडून झालेल्या, म्हणून गल्ली उभारली ती डब्लिनमध्ये.

पण लिमरिक एकरंगी दिसतं, त्यालाही इतिहास आहे. १९०४च्या जानेवारीत फादर जॉन क्रे यांनी शहरातल्या ज्यूंविरुद्ध प्रवचनं दिली. हे ज्यू बहुतेक लिथुआनियाहून आलेले, किरकोळ विक्री आणि उधारीवर जगणारे. बहिष्कार पडला, गिऱ्हाईक तुटलं, बरीच कुटुंबं शहर सोडून गेली. क्रे ज्या पुरुषांच्या धर्ममंडळाचे मार्गदर्शक होते, त्याच मंडळात पुढे लहानग्या फ्रँकचं नाव घातलं गेलं. पडद्यावरच्या गर्दीत ज्यू दिसत नाहीत, त्यात या बहिष्काराचा वाटा आहे.

गोऱ्या नसलेल्या आयरिश मुलांचं काय? तीही होती, पण रस्त्यावर क्वचित दिसत. लग्नाबाहेर जन्मलेली पुष्कळ मिश्रवंशीय मुलं धर्मसंस्थांच्या अनाथालयांत बंद होती. ख्रिस्टीन बकली त्यांतल्याच एक. वडील नायजेरियन, आई आयरिश, बालपण डब्लिनच्या गोल्डनब्रिज अनाथालयात. तिथला छळ त्यांनी ‘डिअर डॉटर’ या माहितीपटात उघडपणे सांगितला. तो आयरिश दूरचित्रवाणीवर १९९६ साली दाखवला गेला, मॅकोर्ट यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी. मे १९९९ मध्ये, चित्रपट यायच्या काही महिने आधी, पंतप्रधानांनी अशा संस्थांत छळ सोसलेल्यांची सरकारतर्फे माफी मागितली. बकलींची कहाणी पडद्यावर आणणारे दिग्दर्शक लुई लेंटिन होते. जन्म लिमरिकचा, घराणं ज्यू.