टाका सुटतोय: हुकचं टायमिंग की सुईदांड्याची उंची?

एम्ब्रॉयडरी मशीनवर टाका सुटायला लागला की अनेकांचा हात आधी हुकच्या, म्हणजे सुईखाली फिरत वरचा धागा पकडणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. पण सुईदांडा, म्हणजे सुई धरून वर-खाली नेणारा दांडा, जागेवरून सरकला तरी हीच लक्षणं दिसतात. मग दोष एकीकडे आणि दुरुस्ती भलतीकडेच होते.

खाली गेलेली सुई जराशी वर आली की तिच्या खाचेच्या बाजूला धाग्याचा फुगा तयार होतो. हुकचं टोक त्याच वेळी तिथून जायला हवं, तेही नेढ्याच्या वरच्या कडेपेक्षा थोडं वरून. मुख्य शाफ्टच्या कितव्या अंशाला हे टोक सुईच्या मध्यरेषेवर येतं, ते टायमिंग. बऱ्याच मल्टिहेड (एकापेक्षा जास्त शिवणारी हेड असलेल्या) मशीनवर हा आकडा २०० अंशांच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या मशीनच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. सुई सगळ्यात खाली असताना किती खोल जाते, ते ठरतं दांड्याच्या उंचीवर.

आता गोची अशी की हुक उशिरा आला तर तोवर सुई वर चढलेली असते आणि टोक नेढ्याच्या फार जवळ येतं. धागा चिरतो नाहीतर तुटतो. दांडा जास्त उंच बसला असला तरी अगदी तेच दिसतं. उलट, हुक लवकर आला काय किंवा दांडा खाली उतरला काय, टोक नेढ्यापासून फार वर राहतं, फुगा हाती लागत नाही. नुसतं टोक आणि नेढं पाहून दोष कुणाचा हे सांगता येत नाही.

सांगता येतं ते शेजारच्या सुईवरून. एका हेडला हुक एकच, सुया मात्र ९, १२ किंवा १५. एकाच सुईवर टाका सुटत असेल तर हुकला हात लावूच नये. तिच्यासाठी हुक फिरवला की बाकीच्या सगळ्या सुया बिघडतात. आधी सुई बदला आणि ती पूर्ण वरपर्यंत बसली आहे ना, खाच हुकच्या बाजूला आहे ना, ते बघा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. तरीही सुटत असेल तर मेन स्विच बंद करून नीडल प्लेट (सुईखालची धातूची पट्टी) काढा, शाफ्ट हाताने टायमिंगच्या अंशावर आणा आणि टोक नेढ्याच्या किती वर आहे ते पाहा. मग नीट शिवणारी शेजारची सुई त्याच अंशावर तपासा. दोन्हीत फरक दिसला तर दोष दांड्याचा. त्याच एका दांड्याची पकड सैल करून उंची जुळवायची.

हेडच्या सगळ्या सुया सारख्याच चुकत असतील तर संशय हुकवर, आणि त्यात टोक झिजलंय का हेही आलं. सगळीच हेड एकदम बिघडली तर हेडमध्ये शोधण्यात अर्थ नाही, शाफ्टच्या ड्राइव्हकडे वळावं.

दोन्ही जुळवायचं असेल तर क्रम पक्का: आधी उंची, मग टायमिंग. चुकीच्या उंचीवर लावलेलं टायमिंग उंची सुधारताच पुन्हा चुकतं.

याच वेळी सुई आणि टोकातली फटही बघून घ्यावी. ती मिलिमीटरच्या दशांशात मोजतात, त्यामुळे सुईची जाडीही हिशेबात येते. ७५ नंबरची सुई ०.७५ मिलिमीटर जाड, ९० ची ०.९०, ७५ काढून ९० ची लावली की जाडीतला निम्मा फरक हुकच्या बाजूला येतो, म्हणजे फटीतले सुमारे ०.०७५ मिलिमीटर गेलेच. रोज जी सुई वापरता तीच लावून मोजा. हुकचे स्क्रू शेवटचे आवळताना हुक किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर शाफ्ट हाताने पूर्ण फेरा फिरवून अंश पुन्हा पाहायचा.