लॉरा इंगल्स वाइल्डर पुस्तकपेटी: पालक-सभासदांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या आठ पुस्तकांची पेटी आपल्याकडे येत आहे. तिच्यासोबत हे पत्रक जोडण्याचे निमित्त आमच्या बालसभासदांनीच पुरवले आहे. चौथे पुस्तक संपवून पाचवे उघडले की मोठी बहीण मेरी आंधळी झालेली असते, घरात ग्रेस नावाची आणखी एक धाकटी बहीण वावरत असते, आणि हे सारे केव्हा घडले याचा पुरता उलगडा पुस्तक करत नाही. पेटी परत न्यायला आलेल्या आमच्या माणसाला मुले दारातच गाठतात आणि ‘मधले पुस्तक हरवले का’, असे विचारतात. पुस्तक हरवलेले नाही. ते लेखिकेने लिहिलेच नाही, आणि ते का लिहिले नसावे हे कळण्यासाठी इंगल्स कुटुंबाची खरी हकिगत ठाऊक असावी लागते.

लॉरा यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1867 रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, पेपिन गावापासून सुमारे 7 मैलांवरील जंगलात, ओंडक्यांच्या घरात झाला. वडील चार्ल्स इंगल्स शेती, शिकार, सुतारकाम असे पडेल ते काम करत आणि रात्री फिडल हे व्हायोलिनसारखे वाद्य वाजवत. आई कॅरोलाइन लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. इंगल्स आणि कॅरोलाइन यांचे माहेर क्वाइनर या दोन घराण्यांत मिळून तीन लग्ने झाली होती. चार्ल्स यांची बहीण कॅरोलाइन यांच्या भावाला दिली होती आणि कॅरोलाइन यांची बहीण चार्ल्स यांच्या भावाला. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात, म्हणून पहिल्या पुस्तकातील चुलत, आते आणि मावस नात्यांचा गुंता मराठी घरात समजावून सांगायला फारसा वेळ लागू नये. हिवाळ्यात फिकट पडणाऱ्या लोण्याला रंग यावा म्हणून आई गाजर किसून दुधात गरम करते, ते दूध गाळून सायीत घालते आणि उरलेला कीस दोघी बहिणींना खायला मिळतो, हे वर्णन त्याच पुस्तकात आहे. खाण्यापिण्याच्या अशा बारीकसारीक गोष्टी लेखिकेने फार जिव्हाळ्याने लिहिल्या आहेत, कदाचित त्या नेहमीच मिळत नसत म्हणूनही.

तिसऱ्या पुस्तकातला कॅन्सस राज्यातील मुक्काम 1869 ते 1871 या काळातला, म्हणजे लॉरा दोन ते चार वर्षांची असतानाचा आहे. पुस्तकातील लॉरा त्याहून मोठी दिसते, कारण प्रसंग आईवडिलांकडून ऐकलेले असले तरी ते पाहणारे डोळे एका समंजस मुलीचे हवे होते. इंडिपेंडन्स हे गाव घरापासून चाळीस मैलांवर असल्याचे तिथे म्हटले आहे. प्रत्यक्षात ते अंतर सुमारे 13 मैल होते. सैनिक येऊन हुसकावणार म्हणून कुटुंब निघाले, असे पुस्तक सांगते. पण विस्कॉन्सिनमधील त्यांची जमीन ज्याने विकत घेतली होती त्याला पैसे फेडता येईनात, त्यामुळे ती परत ताब्यात घ्यायला ते माघारी गेले. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या माळावर त्यांनी घर बांधले तो ओसेज या अमेरिकेतील मूळ रहिवासी लोकांच्या हक्काचा मुलूख होता आणि तिथे वसणारी गोरी कुटुंबे कायद्याने घुसखोर ठरत होती. या पुस्तकाच्या 1935 च्या आवृत्तीत, त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी) राहत, अशा अर्थाचे वाक्य होते. 1953 मध्ये ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतकरी’ असा शब्द घालण्यात आला. एक शब्द बदलला तरी दृष्टी सगळीकडे बदललेली नाही, म्हणून तिसरे पुस्तक मुलाच्या हाती देऊन मोकळे होण्यापेक्षा ते सोबत बसून वाचावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

याच पुस्तकात सारे घर हिवतापाने अंथरूण धरते आणि एक कृष्णवर्णीय डॉक्टर सर्वांना कडू कोयनेल पाजतो. ते डॉक्टर, जॉर्ज टॅन, खरोखर त्या भागात राहत होते. शेजारीण मात्र तापाचे खापर कलिंगडावर फोडते. त्यावर हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, डासांच्या शरीरात हिवतापाचे जंतू वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये दाखवले, आणि तेही आपल्या सिकंदराबादेत.

1874 मध्ये हे कुटुंब मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ ओढ्याच्या काठात खणलेल्या मातीच्या घरात राहायला आले. गव्हाच्या पिकाच्या भरवशावर उधारीने लाकूड आणून नवे घर उभारले गेले, आणि मग टोळधाड आली. उभे पीक खाऊन टोळांनी जमिनीत अंडी घातली, म्हणजे पुढचे वर्षही बुडाले. चार्ल्स फाटके बूट घालून पायी पूर्वेकडे कापणीच्या मजुरीला गेले. (टोळांची ही जात पुढे नामशेष झाली, 1902 नंतर ती जिवंत आढळलेली नाही.)

मुलांना खुपणारी पोकळी येथून सुरू होते. 1 नोव्हेंबर 1875 रोजी या घरात चार्ल्स फ्रेडरिक नावाचा मुलगा जन्मला, सगळे त्याला फ्रेडी म्हणत, आणि 27 ऑगस्ट 1876 रोजी, अवघ्या नऊ महिन्यांचा असताना तो दगावला. आठही पुस्तकांत त्याचे नाव नाही. त्यानंतर कुटुंब आयोवातील बर ओक येथे एका हॉटेलच्या कामाला लागले. दहा-अकरा वर्षांच्या मेरी आणि लॉरा तेथे बशा विसळत आणि टेबलावर वाढत. शेजारी दारूचा गुत्ता होता आणि जेवणघराच्या दाराला बंदुकीच्या गोळ्यांची भोके होती. 23 मे 1877 रोजी ग्रेस जन्मली ती याच गावात. गावातील एका डॉक्टरच्या पत्नीने घरी येऊन लॉराला दत्तक मागितले आणि आईने सौजन्याने नकार दिला. शेवटी देणे फिटत नाही असे दिसल्यावर, घरमालकाने घोडे जप्त करू नयेत म्हणून चार्ल्स यांनी मध्यरात्री गाडी जुंपली आणि सगळे वॉलनट ग्रोव्हला परतले. हे सारे लॉरा यांनी 1930 मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात आहे. ते तेव्हा कोणत्याही प्रकाशकाने स्वीकारले नाही आणि 2014 मध्ये ‘पायोनियर गर्ल’ या नावाने सटीप प्रसिद्ध झाले. लेखिकेला स्वावलंबी, सतत पश्चिमेकडे सरकणारे कुटुंब रंगवायचे होते; बर ओक हे पूर्वेकडचे, कर्जाचे आणि शोकाचे पर्व त्या चित्रात बसत नव्हते. लहान मुलांसाठी लिहिताना हे पर्व गाळणे आम्हाला गैर वाटत नाही, मात्र ते गाळलेले आहे हे मोठ्यांना माहीत हवे.

मेरीची दृष्टी 1879 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी गेली. पुस्तकात कारण लाल ज्वराचे दिले आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय संशोधनाने मेंदू आणि त्याच्या आवरणांचा विषाणूजन्य दाह हे अधिक संभाव्य कारण मानले आहे. तू आता मेरीचे डोळे हो, असे वडिलांनी बारा वर्षांच्या लॉराला सांगितले. तेव्हापासून माळावरचा उजेड, पक्षी, गाडीतून दिसणारा प्रत्येक वळसा शब्दांत सांगायची तिला सवय लागली. आमच्या समजुतीने ती लेखिका झाली ती इथेच, पुस्तके यायला अजून पन्नासेक वर्षे होती तरीही.

त्याच वर्षी वडिलांना डाकोटा प्रदेशात रेल्वेच्या कामावर हिशेबनिसाची नोकरी मिळाली आणि कुटुंब पुढे डी स्मेट या नव्या गावात स्थिरावले. 1862 च्या कायद्यान्वये 160 एकर सरकारी जमीन पाच वर्षे कसल्यास मालकीची होत असे, त्याप्रमाणे चार्ल्स यांनी दावा नोंदवला. लगेचच 1880-81 चा भीषण हिवाळा आला. ऑक्टोबरमध्ये पहिले हिमवादळ झाले, पुढे रेल्वे बंद पडली, कोळसा संपला. वाळले गवत पिळून त्याच्या घट्ट कांड्या करायच्या आणि त्या चुलीत सारायच्या, कांडी क्षणात जळून जाते म्हणून पुन्हा पिळायला बसायचे, आणि घरातल्या कॉफीच्या छोट्या चक्कीत पाळीपाळीने गहू दळायचे, असे दिवसच्या दिवस गेले. जात्यावर बसलेल्या कोणाही आजीला या दळणाची कल्पना येईल, फक्त जात्याच्या मानाने ही चक्की म्हणजे खेळणेच होते. प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात घरात जॉर्ज आणि मॅगी मास्टर्स हे जोडपे त्यांच्या बाळासह राहत होते. पुस्तकातून त्यांनाही वगळले आहे.

मेरी 1881 मध्ये आयोवातील विंटन येथील अंधशाळेत गेली. शिकवणीचा भार डाकोटाचे सरकार उचलत असे, कपडे आणि प्रवास घरावर पडे. त्यासाठी लॉराने डिसेंबर 1882 मध्ये, सोळा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, दोन महिन्यांची मास्तरकी पत्करून 40 डॉलर मिळवले. दर शुक्रवारी बर्फावरच्या घसरगाडीतून तिला घरी आणणाऱ्या अल्मान्झो वाइल्डर यांच्याशी 25 ऑगस्ट 1885 रोजी तिचे लग्न झाले. त्यापुढचा घटसर्प, बाळाचा मृत्यू आणि घराला लागलेली आग या पेटीतील पुस्तकांत नाही.

पहिले पुस्तक 1932 मध्ये आले तेव्हा लेखिकेचे वय 65 होते. कन्या रोझ वाइल्डर लेन यांनी हस्तलिखितांवर बराच हात फिरवला, आणि तो नेमका किती याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे.

वाचनाचा क्रम पुस्तकांच्या पाठीवर आम्ही चिकटवलेल्या आकड्यांप्रमाणे ठेवावा. दुसरे पुस्तक अल्मान्झो यांच्या न्यूयॉर्क राज्यातील बालपणाचे असल्याने ते नंतर वाचले तरी चालते. सहावे, म्हणजे हिवाळ्याचे पुस्तक साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना अधिक भिडते. पेटीत इंगल्स कुटुंबाच्या प्रवासाचा एक घडीचा नकाशा आहे, त्यावर बर ओक आम्ही लाल शाईने दाखवले आहे. पेटी परत देताना तो कृपया पुस्तकांवर सपाट ठेवावा.