पाचव्या नंबरचा पेशंट

बडोद्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाची ओटी (ऑपरेशन थिएटर) लिस्ट डोळ्यांसमोर आणा. सकाळी 8 ते दुपारी 2, म्हणजे 360 मिनिटं, नावं पाच. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला तास धरू. भूल द्यायला 20 मिनिटं, जागं करायला 10, पुसपास आणि नवी ट्रॉली मांडायला 25. झाली 115. तीन केसमध्येच 345 मिनिटं गेली. चौथ्या-पाचव्याचं आज होणार नाही हे आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असतं, फक्त त्यांना कुणी सांगत नाही.

इमर्जन्सीचं त्या मानानं सोपं. वृषणाला पीळ पडला तर सुमारे 6 तासांत सोडवायला हवा. साधं अपेंडिक्स काही तास थांबतं. कुणाचं घड्याळ आधी संपतंय एवढंच बघायचं.

खरी गोची लिस्टच्या तळाशी. दांडिया बाजारातल्या एखाद्या आजी, मधुमेह आणि पायाची चिघळलेली जखम. मधुमेह्याला फार वेळ उपाशी ठेवू नये, म्हणून नंबर पहिला हवा. पण पू असलेली केस शेवटी, म्हणजे तिचे जंतू पुढच्या पेशंटला लागायला नकोत, हा ओटीचा जुना दंडक. या भांडणात बहुधा दंडकच जिंकतो, आणि वेळ संपला की शेवटचीच केस कापली जाते. आज कापली, उद्या पुन्हा शेवटी. वास्तविक खोलीतली हवा तासाला 20 वेळा बदलत असेल, तर हवेतले 99 टक्के कण सुमारे 14 मिनिटांत निघून जातात. टेबल आणि फरशी नीट पुसायला तेवढा वेळ लागतोच, म्हणजे ही केस आधी घेतली तरी पुढची अडत नाही. (नुसता स्प्लिट एसी असेल तर हा हिशोब विसरा, तो तीच हवा फिरवतो.)

त्यात रात्री बारापासून पाणीही बंद! भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं नसेल तर हलक्या जेवणानंतर 6 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास पुरतात.

टेबल गच्च भरलेलं दिसलं की साहेब खूश. पण फाटलेल्या आतड्याची एक केस आली की सगळी लिस्ट कोलमडते. त्यामुळे नावं तीनच लिहावीत. तरीही एखादी केस राहिली, तर उद्या तिचा नंबर पहिला आणि कारण रजिस्टरमध्ये. कुणाची चिठ्ठी आली म्हणून नंबर बदलला असेल, तर तेही त्याच रकान्यात.

आणि ज्यांनी पाच लिहिलीच आहेत, त्यांनी 11 वाजता घड्याळ बघावं. दुसरी केस अजून टेबलावर आहे, तिसरी पावणेदोनला संपणार. वॉर्डात फोन करा, आजींना चहा-खाखरा द्यायला सांगा.