एक्सफॅट की एनटीएफएस: प्रश्न किर्दीचा आहे

नवी दोन टीबीची हार्ड डिस्क घरी आली की कुणीतरी जाणकार सांगतोच, ‘एक्सफॅट कर, सगळीकडे चालतं.’ एक्सफॅट काय, एनटीएफएस काय, हे फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फायलींचा हिशेब ठेवायच्या पद्धती. एक्सफॅट सगळीकडे चालतं, खरंय. पण डिस्क दहा ठिकाणी उघडणं वेगळं आणि तिच्यावरचं टिकणं वेगळं. हा सल्ला ऐकून माझे कान किटलेत.

एनटीएफएस तुम्ही रोज वापरता, विंडोजचा सी ड्राइव्ह तोच. ती १९९३ची, एक्सफॅट २००६ची. नवी ती सरस, असं धरलं की फसलात. एक्सफॅट मुळात पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी मुद्दाम हलकी ठेवलेली आहे. एक्सफॅटच्या आधीच्या फॅट३२चं तर नावच नको. ४ जीबीची फाइलही तिथे मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ दारातच अडतो.

खरी मेख किर्दीत आहे. जुना दुकानदार आधी किर्द, म्हणजे रोजची नोंदवही, लिहायचा, मग खतावणी, म्हणजे खातेवार वही. खतावणी मांडताना दिवे गेले तरी किर्दीवरून हिशेब जुळायचा. एनटीएफएसचं तसंच: कुठली फाइल कुठे, कुठली जागा भरली, हा बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे तिच्या किर्दीत, मग मूळ तक्त्यात. मध्येच केबल निघाली, तर पुन्हा जोडल्यावर लॉग वाचून अर्धवट नोंदी पुऱ्या होतात किंवा खोडल्या जातात. एक्सफॅटला किर्दच नाही, सगळं थेट खतावणीत. फॅट३२मध्ये निदान तक्त्याच्या दोन प्रती असत, इथे सहसा एकच. केबल नेमकी नको त्या क्षणी हलली, तर फोल्डर गायब, नाहीतर विंडोज थंडपणे विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का?

पण एनटीएफएसवाल्यांनीही फार फुशारू नये. किर्दीत पोतं कुठल्या फळीवर आहे तेवढंच असतं, आतलं धान्य नाही. कॉपी होत असलेली फाइल अर्धवटच राहणार. वाचते ती बाकीची डिस्क. इजेक्ट न करता केबल ओढणाऱ्याला मी माझी डिस्क देत नाही, फॉरमॅट कुठलाही असो.

जागेचंही बघा. मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटला १२८ केबीचे कप्पे पाडतं, एनटीएफएसला ४ केबीचे. दोन-दोन केबीच्या एक लाख फायली एक्सफॅटवर प्रत्येकी अख्खा कप्पा अडवून बारा जीबी खातात.

घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, डोळे झाकून. मॅक ती वाचतो, पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. म्हणून मॅक-विंडोज अशी ये-जा असेल तर नाइलाजाने एक्सफॅट, आणि तिच्यावर कशाचीही एकुलती एक प्रत ठेवू नका. नुसता मॅक असेल तर ॲपलचाच फॉरमॅट, एपीएफएस. कॅमेऱ्याचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, विषय संपला.

आणि हे डिस्क कोरी असतानाच ठरवा. भरलेली एक्सफॅट बदलायची तर सगळं आधी दुसरीकडे हलवावं लागतं, आणि दोन टीबी हलवायला तेवढीच आणखी एक डिस्क लागते.